वापरात नसलेली वाट

सकाळचं पाणी भरून झालं की शिवणवाल्या वहिनी सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवत आणि मागच्या दाराने बाहेर काढत. मागे पेरूचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला लागून, शेजारच्या बागेच्या कडेने, खालच्या रस्त्यापर्यंत एक वाट जात होती. लांबी चाळीस फूट, रुंदी तीन. घर उतारावर, त्यामुळे पुढच्या दाराने वरच्या रस्त्यावर जायचं तर चौदा पायऱ्या चढाव्या लागत आणि त्या मध्येच काटकोनात वळत. खुर्ची तिथून जात नसे. दवाखाना, बाजार, ऊन, चार माणसं, सासूबाईंना जे काही मिळत होतं ते त्या तीन फुटांतूनच.

शेजारी निवृत्त मोजणीदार राहत. गल्ली त्यांना मोजणीकाका म्हणे. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या; स्वतःच्या गुलाबाच्या रांगाही ते दोरी धरून लावत. वहिनींचा नवरा होता तोवर काकांची तक्रार पेरूच्या पानांपुरतीच होती. तो हसून म्हणायचा, "काका, पानं पडतात तशी फळंही पडतात की. त्यांची तक्रार नाही आली कधी!" काकाही हसायचे.

तो अपघातात गेला. त्यानंतर दीड वर्षाने काकांनी जुना नकाशा बाहेर काढला.

नकाशात वाट काकांच्या हद्दीत होती. त्यात खोटं काही नव्हतं, हे आधी नोंदवायला हवं. पण तीस वर्षं सगळे त्या वाटेने चालत होते, आणि अशा चालण्याचाही हक्क असतो. त्याला वहिवाट म्हणतात. काकांना हे गल्लीत सर्वांत चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक निवेदन लिहिलं: 'सदर वाट गेली कित्येक वर्षे कोणाच्याही वापरात नाही.' रविवारी संध्याकाळी ते कागद घेऊन दारोदार गेले.

"काय आहे काका?"

"काही नाही रे, हद्दीचं जरा."

"द्या इकडे. चहा घेणार?"

तासाभरात दहा सह्या झाल्या. अकरावी घरच्याच, त्यांच्या बायकोची, काकूंची. काकू ओट्यापाशी भांडी घासत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी काकांनी बोट ठेवलं तिथे सही केली. वाचता त्यांना उत्तम येत होतं.

आठवड्याने खालच्या तोंडाशी सहा फुटी लोखंडी फाटक बसलं आणि त्याला कुलूप लागलं. वहिनी निवेदनाची प्रत हातात घेऊन काकांच्या दारात गेल्या.

"काका, यातल्या नऊ जणांची मापं माझ्या वहीत आहेत. सगळे मागच्या दाराने येऊन कपडे टाकून गेलेत. ही माणसं काय उडत आली माझ्याकडे?"

"हे बघ, यात भांडायचं काही नाही. तुमच्याकडे बोलणारं पुरुषमाणूस कुणी असेल तर पाठव. मी नकाशा दाखवतो त्यांना."

"मला दाखवा. मला कळतो."

"तुला कळून काय उपयोग?" काका शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यांना आपण काही वाईट बोललो असंही वाटलं नाही.

वहिनींनी दावा लावला. तारखा पडू लागल्या. गल्ली म्हणाली, बाईने इतकं ताणू नये. कुणी म्हणालं, घर विकून भावाकडे जावं की. नवरा असता तर हेच लोक म्हणाले असते, हक्क आहे, सोडू नकोस.

सासूबाई चार महिने घराबाहेर पडल्या नाहीत. खिडकीपाशी बसून त्या कुंपणापलीकडे गुलाबांना पाणी घालणाऱ्या काकांना हाका मारत. "अरे मोजणीदारा, मलाही मोज एकदा! किती फूट उरलेय बघ!" काका मान वर करत नसत. पुढे पुढे त्या हाका मारेनाशा झाल्या. जेवण निम्म्यावर आलं. पायांवर सूज चढली.

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांना श्वास घेता येईना. वहिनींनी रुग्णवाहिका बोलावली आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, वरच्या रस्त्याने या, मागे कुलूप आहे. पण चालकाच्या फोनवरच्या नकाशात सरळ वाट दिसत होती आणि ती जवळची होती. नऊ मिनिटांत गाडी खालच्या फाटकाशी उभी राहिली.

काका बागेतच होते. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

"काका, फाटक उघडा. आजी आहेत आत, धाप लागलीय," परिचारक स्ट्रेचर काढत म्हणाला.

"दावा चालू आहे. वरच्या रस्त्याने जा."

"अहो, काय दावा? माणूस मरतंय!"

"आज इथून माणूस गेला तर उद्या तेच कागदावर येईल. वापर होता म्हणतील."

काकू धावत अंगणात आल्या. "अहो, उघडा ना. मी पाया पडते तुमच्या, उघडा."

"तू आत जा."

परिचारकाने आणखी एकदा विनवलं. चालकाने घड्याळ पाहिलं. अकरा तेवीसला गाडी वळली.

अकरा पंचवीसला काकांनी फाटक उघडलं. हे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. फाटक सताड उघडून ते रस्त्यावर धावले, दोन्ही हात वर करून ओरडले, "या! इकडून या!" रस्ता रिकामा होता.

गाडीला वरच्या बाजूला पोहोचायला अठरा मिनिटं लागली. पायऱ्यांच्या वळणात स्ट्रेचर फिरेना, तेव्हा सासूबाईंना चादरीत घेतलं. दोन टोकं परिचारकाच्या हातात, एक चालकाच्या, एक वहिनींच्या. सातव्या पायरीवर परिचारक थांबला. त्याने मानेला बोटं लावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, खाली टेकवूया."

वहिनींनी टोक सोडलं नाही. "वर चला," त्या म्हणाल्या. "वर गाडी आहे. चला ना वर." त्या एकट्याच चादर ओढत राहिल्या.

महिन्याभराने सुनावणी झाली. सह्या करणारे अकराही जण बोलावले होते. काका पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी निवेदन वाचून दाखवलं आणि विचारलं, यात कुणाला काही सांगायचं आहे का? काकू उठल्या.

"हे खोटं आहे. तीस वर्षं मी स्वतः त्या वाटेने जातेय."

काकांनी वर पाहिलं, पण थांब म्हटलं नाही.

"मग तुम्ही सही का केलीत?"

"वाचलं नव्हतं."

"वाचता येत नाही?"

"येतं की." काकूंनी बाकांकडे हात केला. "आमच्याकडे पुरुषाने आणलेला कागद कुणी वाचत नाही, साहेब. सही करतात. आणि बाईने आणला तर शेवटपर्यंत वाचतात, मग म्हणतात, विचार करून सांगतो. तिने वाट वापरात असल्याचा कागद फिरवला होता. माझ्याकडेही आली होती. मी म्हटलं, यांना विचारून सांगते."

अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी कुणाला सही मागे घ्यायची आहे?

चौघे उठले. सहा जण बसून राहिले. त्या सहांत एक शिक्षक होते आणि दोघी अशा होत्या की ज्यांच्या अंगावरचे कपडे वहिनींनीच शिवले होते.

निकाल वहिनींच्या बाजूने लागला. फाटक काढलं गेलं, वाट मोकळी झाली. अधिकाऱ्यांनी निकालाची प्रत त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात त्यांचं नाव कुठे आहे?"

सासूबाईंचं नाव त्यात नव्हतं. दावा वाटेचा होता.

आता गल्लीत कुठलाही कागद फिरला की काकू तो उंबऱ्यात उभ्या राहून मोठ्याने वाचतात. लोक कंटाळतात, कुणी टोमणाही मारतं. त्या थांबत नाहीत. पूर्ण वाचून झाल्यावर विचारतात, यात कुणाचं नुकसान आहे? ते माणूस इथे बोलावलंय का?

पण हे नंतरचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काकू त्या वाटेने चालत वर गेल्या. चाळीस फूट जायला त्यांना बराच वेळ लागला. मागचं दार लोटलेलं होतं आणि आत शिवणयंत्र चालू होतं. त्यांनी कडी वाजवली.

यंत्र थांबलं.

"मी आहे गं," काकू म्हणाल्या.

काकू दाराला हात लावून उभ्या राहिल्या. दार नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. त्यांनी ढकललं नाही. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि त्या आल्या वाटेने परत गेल्या.