पानाला फासावा तेवढा चुना

मित्रांनो, दारातल्या तुतीखाली एक फळी आहे. तिच्यावर उन्हात पालथं पडलेलं पितळी भांडं म्हणजे मी. मी एक चुनाळं आहे. झाकणाला पोचा आला आहे, साखळी अर्धीच उरली आहे, पण वयानं या घरात सर्वांहून मोठं मीच.

एका तांबटानं मला ठोकून घडवलं, तेव्हा या घरच्या म्हाताऱ्या मेईच्या आईचंही लग्न व्हायचं होतं. आमच्या खासी डोंगरांत दारी आलेल्याला आधी क्वाय देतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान आणि माझ्यातला किंचित चुना. "मेईच्या हातचा चुना जीभ पोळत नाही," असं लोक म्हणत. मान मेईला मिळे, पण चकाकत असे मी. रोज सकाळी ती मला तुतीच्या बुंध्याशी विसळायची आणि ते पांढुरकं पाणी तिथंच ओतायची. पुढं बाजारातून चुन्याच्या नळ्या आल्या आणि मेईखेरीज मला कुणी विचारेना. मी फळीवरून घर बघत बसू लागलं.

दाफिशा ही मेईची धाकटी लेक. आमच्या रीतीप्रमाणे घर आणि मागचा तुतीचा उतार तिच्याकडे आला, आणि त्यांचा घोरही. पाठीशी बांधलेली इबा जरा जास्त वेळ गप्प राहिली, तर लेकीच्या नाकापुढं बोट धरून बघणारी ही बाई. रेशीमकिड्यांनाही ती तशीच जपायची.

किड्यांचं जेवण ऐकायचं असतं, मित्रांनो. शेवटच्या दिवसांत परड्यांतून अखंड करकर येते. मागल्या वसंतात ती अर्ध्यातच थांबली. उतारावरच्या तुतीवर पाला उरला नव्हता. जी पानं होती ती पिवळी, सुकट. खत घालूनही काही उपयोग झाला नव्हता. उपाशी किडे शेवटी कोंबड्यांपुढं टाकावे लागले. दाफिशा त्या दिवशी जेवली नाही.

आमच्यात मामाचा शब्द मोठा. शानबोर मामांनी सांगून टाकलं, की पुढच्या वसंतातही किडे उपाशी राहिले, तर तुती उपटायची आणि केरसुणीचं गवत लावायचं.

दाफिशा दारात बसून राहू लागली. एका सकाळी तिनं मान वर केली. दारातलं झाड गर्द हिरवं होतं, पानं पंजाहून मोठी. जात तीच, डोंगर तोच. मग या एकट्याचंच असं का? तेवढ्यात मेई मला विसळायला आली आणि पांढरं पाणी मुळाशी मुरलं. दाफिशाला कॉलेजात ऐकलेलं आठवलं. फार पावसाच्या डोंगरावरची माती आंबट होते, अशा मातीत घातलेलं खत मुळांना नीट लागत नाही, आणि चुना तो आंबटपणा मारतो.

पण घाईनं घात केला. भट्टीवरचा ताजा चुना आणून तिनं एका ओळीच्या बुंध्यांशी मूठमूठ घातला. थोड्याच दिवसांत ती ओळ करपली.

मामा ओळ बघून आले. त्यांनी कैक वर्षांनी मला उचललं आणि क्वाय करायला बसले.

"पोरी, चुन्याचा गोळा तू जिभेवर ठेवतेस का गं?"

"नाही, मामा."

"मग या बिचाऱ्यांच्या तोंडात का कोंबलास? दात असते तर चावली असती तुला."

मेई तोंड फिरवून हसली. दाफिशा मात्र मामांच्या बोटाकडं बघत होती. बोट पानभर फिरत होतं. चुना पातळ, कडेपर्यंत, कुठंही गोळा नाही.

"असा," ती म्हणाली. "असा फासायला हवा. सगळ्या मातीला."

"मला वाटलं, मी तुला रागावतोय," मामा म्हणाले.

त्या हिवाळ्यात तिनं चुना पाण्यानं फोडून विरू दिला, त्याची भुकटी साऱ्या उतारावर पातळ उधळली आणि कुदळीनं मातीत मिसळली. शेणखत मागाहून घातलं. पोरगी किती वेळ वाया घालवते एवढंच बघायला आलोय, असं म्हणत मामा स्वतःची कुदळ घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खणत राहिले.

वसंतात फुटवे आले. पानं रुंद, जाड, हाताला गार. परड्यांत करकर सुरू झाली आणि दाफिशा भाऱ्यामागून भारा आणू लागली. तिचा डोळा पाल्यावर, कान परड्यांकडं.

एका पहाटे आवाज थांबला.

किड्यांची खोली माझ्या समोरच आहे. दाफिशा अनवाणी धावत आली, मागून मामा. परड्यांत पाला शिल्लक होता. हिरवागार, न खाल्लेला. पोट भरलेले किडे माना वर करून कोष विणायला जागा शोधत होते. दाफिशा होती तिथंच जमिनीवर बसली. इबा उठून रडू लागली, तर घाबरायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

"बसलीस काय?" मामा म्हणाले. "त्यांची जेवणं झाली. आता मला क्वाय दे."

तिनं हात लांबवला. बाजारच्या नळीकडं नाही, माझ्याकडं.

मित्रांनो, माती बोलत नाही, पान पिवळं करून सांगते. झाडाला नावं ठेवण्याआधी जरा खाली वाका. जे द्याल ते कोंबू नका, कडेपर्यंत फासा. आणि घरातलं जुनं भांडं टाकण्याआधी एकदा आठवून बघा, त्याचं विसळलेलं पाणी इतकी वर्षं कुणाच्या मुळाशी जात होतं. मलाही ते ठाऊक नव्हतं.