दारासमोरचा काळा पट्टा

"ताई, दारासमोर तो काळा पट्टा तेवढा नका घालू," असं मावशीने सांगितलं, तेव्हा बागवालीच्या एका हातात नकाशा होता, दुसऱ्या हाताने ती घरी सासूबाईंना फोन लावत होती आणि कान अर्धाच मोकळा होता. आमची म्हातारी माणसं काळ्यावर पाय ठेवत नाहीत हो, त्यांना तिथे खड्डा दिसतो, असंही मावशी म्हणाली. बागवाली गोड हसली, "बघू" म्हणाली, आणि पट्टा घातला.

मावशी त्या वृद्धाश्रमात बारा वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळी घालत आली होती, भरवत आली होती. बागवालीकडे बागा आखण्याची पदवी होती. तिथल्या सतरा जणांपैकी बहुतेकांच्या आठवणींना गळती लागलेली. त्यांच्यासाठी मन निवेल अशी बाग करायचं काम तिला मिळालं आणि तिने त्यात जीव ओतला. वाफे कमरेइतके उंच, म्हणजे वाकायला नको आणि चाकाच्या खुर्चीतूनही मातीत हात घालता यावा. रस्ता गोल, म्हणजे वाट चुकली तरी माणूस फिरून दारातच यावा. कठडे लाकडाचे, कारण लोखंड उन्हात तापतं. काट्याचं एक झाड नाही, आणि पान तोंडात गेलंच तर ते पुदिन्याचं.

मुळात ती काळजीनेच बनलेली. घरी दोन वर्षांची लेक, चिमणी. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज, जिन्याला फाटक. नवरा म्हणायचा, आता छतालाही गादी बांध, न जाणो पोरगी उडायला लागली तर.

एवढी डोळ्यांत तेल घालून जपणारी बाई चुकली ती नेमकी दारात. दाराबाहेर पाणी वाहून जायची नाली होती आणि तिची जाळी दिसायला ओंगळ. ती झाकायला तिने हातभर रुंद काळ्या दगडाची ओळ आडवी बसवली. नकाशात ती फार देखणी दिसत होती.

बाग खुली झाली, आणि बाहेर कुणी येईनाच. सगळ्यात आधी अडले ते पोस्टमन काका. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. रोज सकाळी नवाच्या ठोक्याला रिकामी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत यायचे. पट्ट्यापाशी एक पाय उचलायचे, हवेत धरायचे, पुन्हा जागच्या जागी ठेवायचे आणि आत वळायचे. मावशीने विचारलं तर म्हणाले, पूल वाहून गेलाय, आज टपाल नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिशवी घेणं सोडलं. मग ताटातलं अर्धं तसंच राहू लागलं.

मावशीनेच बागवालीला बोलावून घेतलं. मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि त्यानेच जास्त लागलं. काका दारात उभे होते. बागवाली पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोनदा पाय आपटून दाखवले. दगड आहे हो काका, नुसता दगड.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून तिचं मनगट घट्ट पकडलं.

"पोरी, मागे हो. बुडशील."

तशीच ती मॅनेजरच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच चूक कबूल केली. आता बोलणी बसणार असं धरून चालली होती. मॅनेजरने उठून तिचं अभिनंदन केलं.

पट्टा झाल्यापासून या दारातून कुणी एकटं बाहेर गेलेलं नाही, तो सांगू लागला. कुणाच्या मागे धावावं लागत नाही आणि कुलूप लावल्याचा ठपकाही नाही. आता उरलेल्या तिन्ही दारांना असेच पट्टे हवेत, आणि दुसऱ्या शाखेची बागही तिनेच करायची. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही स्वतः आई आहात. घरी जिन्याला फाटक असेलच ना? हे यांचं फाटक समजा."

घाव वर्मी बसला. घरचं फाटक तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, खटक्यासकट. क्षणभर तिला वाटलं, हा बरोबर बोलतोय. मग मनगटावर काकांची बोटं आठवली.

"फाटक मुलीला दिसतं," ती म्हणाली. "जिन्यात पूर आलाय असं खोटं सांगून मी तिला घाबरवत नाही. आणि ती मोठी झाली की मी ते काढणार आहे. तुम्ही यांचं कधी काढणार?"

"पट्ट्याला हात लावलात तर पुढचं काम विसरा."

"विसरले."

वर्षभराची डागडुजी करारानेच तिच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ती गवंड्याकडून छिन्नी-हातोडा मागून घेऊन आली. गवंडी म्हणाला, ताई, बोटं चेचाल, आणा इकडे. तिने दिला नाही. सोबत आणलेल्या चिमणीला मावशीच्या मांडीवर ठेवलं, गुडघे टेकले आणि पहिला घाव घातला. काचेमागे चार म्हाताऱ्या गोळा झाल्या. त्यातली एक जुनी स्वयंपाकीण दर घावाला, मीठ कमी आहे, असा शेरा देत होती. मॅनेजर फोन उगारून फोटो काढायला लागला. तिने मान वर केली.

"काढा. आणि खाली लिहा, मावशीने आधीच बजावलं होतं. चूक माझी होती, मोडतेय मीच."

दुपारपर्यंत बोटं सोलली. रस्त्याच्याच रंगाच्या फरश्या गवंड्याने बसवल्या, पाणी जायला बारीक फटी ठेवून. कुठे काय संपलं, काय सुरू झालं, कळेना.

फरश्या पक्क्या बसल्यावर एका सकाळी, नऊ वाजता, मावशीने काकांच्या खांद्याला पिशवी अडकवली. काका दारात आले. थांबले. पाय उचलला, हवेत धरला. बागवालीचा हात आपोआप पुढे झाला. तो तिने पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. काकांनी पाय टेकवला. दुसरा टेकवला. वाफ्यापाशी ठेचकाळले, पण त्यांनी कठडा धरला आणि चालते झाले. अख्खा फेरा मारून तिच्यापुढे उभे राहिले.

"पूल झाला वाटतं," ते म्हणाले. "उशीरच केलात."

तिने तो ठपका पदरात घेतला. घरी गेल्यावर चिमणीचा हात धरून फाटक उघडलं आणि तिला एकेक पायरी उतरायला शिकवायला बसली.

दुसऱ्या शाखेचं काम दुसऱ्याच कुणाला मिळालं. तिथे चारही दारांत काळे पट्टे आहेत, असं मावशीच्या कानावर आलंय. म्हणून बागवाली आता भेटेल त्याला सांगते, आणि तुम्हालाही सांगतेय. तुमची आत्या, तुमच्या जुन्या बाई, शेजारचे काका, कुणीही अशा जागी राहत असेल तर याच आठवड्यात जाऊन या. त्यांना बाहेर यायला आवडत नाही, असं तुम्हाला तिथे सांगतील. मान डोलावू नका. त्यांच्याबरोबर दारापर्यंत चाला, आणि ते कुठे थांबतात ते खाली वाकून बघा.