सुयशने नेलेला बेंजो

मित्रांनो, कोळीवाड्यातल्या हळदीला तुम्ही कधी नाचला असाल, तर माझ्या भावंडांचा आवाज तुम्ही नक्की ऐकला असणार. मी एक जुना बेंजो आहे. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. वामन मिस्त्रींनी मला सागाच्या लाकडातून घडवलं आणि दिवाळे गावच्या गोवर्धनच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

दिवसा तो होडी घेऊन खाडीत जाई आणि लग्नसराईत संध्याकाळी मला घेऊन मांडवात बसे. उजव्या हाताने तारांवर नखी मारायची, डाव्याने बटणं दाबायची. नवरीची आजीसुद्धा खुर्ची सोडून उठे. गोवर्धनचा बेंजो नसेल तर हळद कसली, असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. तो वाचला, पण डावा हात लुळा पडला. त्याची बायको बायजा मासळी विकून आली की माझ्यावरची धूळ पुसायची. तो मात्र माझ्याकडे बघायचंही टाळायचा. एक दिवस त्याने मुलीला, मनस्वीला, हाक मारली.

"ह्याचा फोटो काड नि मोबाइलवर इकाला टाक. पन वाजवनाऱ्यालाच द्याचा. पडून राहिला तर मरंल तो."

मला वाईट वाटलं, राग नाही आला. तो मला टाकत नव्हता, माझी सोय लावत होता.

एका हॉटेलवाल्याला मी भिंतीवर टांगायला हवा होतो. तो मागाल ती किंमत द्यायला तयार होता, तरी गोवर्धनने त्याला नकार दिला. मग सुयश आला. खारघरला राहतो म्हणाला. नीटनेटका, बोलायला गोड. "काका, माझा धाकटा भाऊ शिकतोय. दुसऱ्याच्या बेंजोवर प्रॅक्टिस करतो बिचारा," असं म्हणत तो गोवर्धनच्या पाया पडला. गोवर्धनचे डोळे भरून आले. त्याने माझ्याबरोबर आपली आवडती नखीसुद्धा दिली.

सुयशने मोबाइल पुढे केला. पैसे गेल्याची हिरवी खूण दिसत होती.

"पण आम्हाला मेसेज नाही आला," मनस्वी म्हणाली.

"सर्व्हर डाऊन असेल ताई. येईल थोड्या वेळात."

ती घुटमळली. "जाव दे त्याला," गोवर्धन म्हणाला, "भाव वाट बगत आसंल."

पैसे आलेच नाहीत. सुयशचा फोन बंद झाला.

मला त्याने कामोठ्याच्या एका खोलीत नेलं. तिथे भाऊ नव्हता. एक कॅमेरा, एक मिक्सर आणि एका लहान मुलीची सायकल होती, सगळी माझ्यासारखीच फसवून आणलेली. दुसऱ्याच नावाने त्याने माझी जाहिरात टाकली आणि फोनवर कुणाला तरी हसत म्हणाला, "म्हाताऱ्याला भावाची स्टोरी सांगितली, लगेच पाघळला." मित्रांनो, मांडवाच्या गर्दीत मी अनेकदा पडलो, आपटलो. पण असं कधी दुखलं नव्हतं.

मला नंतर कळलं, इकडे मनस्वीने पोलिसांत तक्रार दिली होती. रोज ती जाहिराती चाळायची. माझ्या एका तुटलेल्या बटणाच्या जागी गोवर्धनने बाटलीचं लाल झाकण बसवलं होतं. तेच तिला फोटोत दिसलं. तिची मैत्रीण क्षिप्रा हिने गिऱ्हाईक म्हणून फोन केला आणि सुयशने तिला कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ बोलावलं. ट्रकांच्या आड साध्या कपड्यांतले पोलीस थांबले. मनस्वी नको म्हणत असताना गोवर्धनही आला.

सुयशने मला क्षिप्राच्या हातात दिलं, तोच पोलिसांनी त्याचा दंड धरला. गोवर्धन पाय ओढत पुढे आला. तो शिव्या देईल असं मला वाटलं. त्याने एवढंच विचारलं, "तुला भाव हाय का रं खराच?"

सुयशने मान खाली घातली. "नाही."

"मी रोज इचार करत होतू," गोवर्धन म्हणाला, "तो कंचा गाना शिकला आसंल."

पुढे कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मी पोलीस ठाण्याच्या खोलीत जप्तीचा माल होऊन पडलो. तारा गंजल्या. शेवटी नखीसकट घरी आलो, पण गोवर्धन पूर्वीचा राहिला नव्हता. कुणी मला विकत मागितलं, तर तो फोन ठेवून द्यायचा. शेजारची माणसं शिकायला आली, तर त्यांच्याकडेही संशयाने बघायचा.

मित्रांनो, गोड बोलण्याला भुलून वस्तू देऊ नका, आधी पैसे खात्यात आलेले बघा. आणि कुणी भरवशाने आपली आवडती वस्तू तुम्हाला दिली, तर त्या माणसाला हसू नका. पैसे पुन्हा मिळवता येतात. भरवसा पुन्हा बसणं किती अवघड असतं, ते मी आमच्या घरात रोज बघत होतो.

परवा बायजा टोपली ठेवून माझ्यासमोर बसली.

"कुनाला तरी शिकवा ना."

"आता कुनावं भरवसा नाय मना."

"मंग मना शिकवा."

इतक्या वर्षांत तिने मला फक्त पुसलं होतं. बर्फाने भेगाळलेली तिची बोटं माझ्या बटणांवर आली. गोवर्धन उजव्या हातात नखी घेऊन तिच्या शेजारी सरकला. तिने बटण दाबलं, ते चुकलं.

"त्याचे बाजूचा," तो म्हणाला आणि त्याने नखी मारली.