तिसऱ्या खांबामागची जागा

फरक क्रमांक १४१२. भाग तिसरा, पाण्यातला किल्ला. नव्या खेळात तिसऱ्या खांबामागे भिंत सलग आहे. मूळ खेळात तिथे एक माणूस मावेल एवढी जागा होती. नोंद करणार : शिवकन्या.

तेलगावच्या फाट्यावर उभ्या ट्रकमध्ये चढलेलं सामान : पत्र्याच्या दोन पेट्या, उलटी खाट, कोंबड्यांची पाटी, पाण्याचं टिपाड, टिपाडात कोंबलेली गोधडी.

कोयत्यानं तुटलेलं बोट पाचटात सापडत नाही. कुणी शोधतही नाही. मोळी अर्धी बांधून झालेली असते.

मशीन बंद केलं तरी खेळातले पहारेकरी आत फिरतच राहतात. नऊ वर्षांच्या आदिनाथला हे पक्कं ठाऊक होतं.

*

सकाळपासून एक्केचाळीस वेळा शिवकन्येनं मशाल्याला तिसऱ्या खांबापाशी नेलं आणि एक्केचाळीस वेळा पहारेकऱ्यांनी त्याला धरलं.

मशाल्या म्हणजे खेळाचा नायक. खरं नाव काहीतरी परदेशी होतं, पण त्याच्या हातात मशाल असायची, म्हणून तिच्यासाठी तो लहानपणापासून मशाल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो खेळ पुण्याची एक कंपनी आता नव्या कन्सोलसाठी पुन्हा बांधत होती. तेलगावातल्या या भाड्याच्या खोलीत शिवकन्या जुना आणि नवा खेळ शेजारी शेजारी खेळायची आणि फरक लिहून पाठवायची. नवा अजून बाजारात आला नव्हता, कुणाला दाखवायची बंदी होती. म्हणून खिडकीला साडी आणि दाराला कडी. शेजारच्या भिवराबाईंना वाटायचं, पोरगी दिवसाढवळ्या झोपते.

जुन्यात पाणी हिरवं, नव्यात निळं. जुन्यात मशाल तीनदा फडफडते, नव्यात दोनदा. असे चौदाशे फरक सात महिन्यांत पाठवले. काही दुरुस्त झाले, काही राहिले, तिला त्याचं काही वाटलं नाही. या एकाचं वाटत होतं.

"जुन्या खेळात तशी जागा आम्हाला कुणालाच सापडली नाही गं," पुण्याहून मंगल मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. "तू स्वतः पाहिलीस?"

"पाहिलीय, मॅडम."

"मग चित्रीकरण पाठव. चारला यादी बंद होतेय. नंतर भिंत ती भिंत."

पाहिली होती हे खरं. हातानं कधी केलं नव्हतं.

*

शिवकन्येच्या लहानपणी हनुमानचं दुकान फाट्यावर होतं. पुढं सायकलींचं पंक्चर, मागं एक टीव्ही आणि खेळाचं मशीन. आत मुलगे बसत. मुलींनी आत जायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण कुणी गेलीही नव्हती. शिवकन्या उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, "दादा, डावीकडं! पायऱ्या मोज!" हात थोरल्या भावाचे, आदिनाथचे; वाट तिची.

दसरा झाला की आईबाप टोळीबरोबर ऊस तोडायला निघत आणि ही दोघंही सोबत. परत यायचं ते पाडव्याच्या सुमाराला. सहा महिने मशाल्याचं कसं व्हायचं?

"मेमरी कार्डात ठिवलाय त्याला," हनुमान म्हणायचा. "जिथं सोडला तिथंच उभा ऱ्हाईल. जावा बिनघोर."

आदिनाथला ते पटायचं नाही. आपण गावात नसलो म्हणून गाव थांबतं का? शेळी विते, भिंत पडते, म्हातारं माणूस जातं. तसे पहारेकरीही फिरणारच. मग त्याला ती जागा सापडली. तिथं मशाल्या उभा राहिला की पहारेकरी दोन हातांवरून जायचे, पण बघायचे नाहीत. दरवर्षी निघायच्या दिवशी तो मशाल्याला तिथं नेऊन उभा करायचा आणि मगच ट्रकमध्ये चढायचा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पळत जाऊन बघायचा. मशाल्या तिथंच असायचा.

सातवीत आदिनाथनं शाळा सोडली. ऊस तोडायला घरातून एक कोयता वाढला, म्हणून शिवकन्येला वसतिगृहात ठेवता आलं.

*

तीनला दार वाजलं.

"शिवे, उघड की. का झोपलीस? भिवराबाई म्हणती झोपली आसंल."

आदिनाथ दारात होता. टोपी, नवा शर्ट, हातात घराची किल्ली. दरवर्षी बायकोला, छबूला, घेऊन तोडीला निघताना ती तो शिवकन्येकडं द्यायचा.

"चार वाजता ट्रक निघतोय. छबू बसलीय पाटी धरून. शेळी सुंदरबाईकडं बांधलीय, आठ दिसानं बघून ये."

शिवकन्येनं नव्या कन्सोलचा पडदा घाईघाईनं बंद केला आणि त्याला हाताला धरून आत ओढलं. "दादा, बस. मशाल्याला लपवायचंय."

"कोनाला?" तो जुन्या खेळाच्या टीव्हीकडं बघत राहिला. मग हसला. "आगं, हा जित्ता हाय आजून? आन कंपनी तुला ह्याचा पगार देती? मी तिकडं मोळ्या वाहतो, आन ही खेळती!"

"मला जमंना. सकाळपासून करतीय. नव्या खेळात त्यांनी ती जागा बुजवली."

त्याचं हसू थांबलं. "कावून?"

"त्यांना म्हाईतच न्हाई तिथं जागा हाय. चारच्या आत दाखवलं तर ठेवतील."

आदिनाथनं हात शर्टाला पुसले आणि कंट्रोलर घेतला. पहिल्यांदा पायऱ्यांवरच धरला गेला. दुसऱ्यांदा खांबापाशी. तिसऱ्यांदा त्याच्या हातांना आठवू लागलं. खांब, पाठ भिंतीला, वाकायचं, मागं सरकायचं. तिथंच अडलं. वाकायला डावीकडचं वरचं बटण दाबून धरायचं होतं, आणि डाव्या हाताचं ते बोट दोन पेरांवर संपत होतं.

"पोचत न्हाई," तो म्हणाला. उगाच बोटाकडं बघितलं नाही. "गेल्या साली बी शर्टाच्या गुंड्या छबूच लावीत हुती."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

शिवकन्या त्याच्या डाव्या बाजूला सरकून बसली, आणि तिनं आपलं बोट त्या बटणावर ठेवलं. "सांग कवा."

"पाठ लागू दे आधी… आत्ता न्हाई… ह्या पहारेकऱ्याला जाऊ दे… दाब. धरून ठिव. सोडू नको गं!"

मशाल्या वाकला, मागं सरकला आणि भिंतीत गेला. मशालीचा उजेड दगडावर पडला. पहारेकरी आला, दोन हातांवर थांबला, वळला, निघून गेला. दुसरा आला. तोही गेला.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"मुकादम बोंबलतोय," आदिनाथ उठला. किल्ली त्यानं टीव्हीवर ठेवली. दारातून मागं वळला. "ऱ्हाऊ दे त्याला तिथंच. आता हलवू नको."

*

तीन वाजून बावन्न मिनिटांनी चित्रीकरण गेलं. पाचला मंगल मॅडमचा फोन आला.

"कमाल आहे! जागा आहे. पण मूळ बांधणाऱ्यांची चूक असावी, भिंतीला भोक राहिलंय. नव्यात ठेवायचं तर मला कारण लिहावं लागेल. तिथं खजिना नाही, वाट नाही. काय लिहू?"

शिवकन्येनं साडी बाजूला करून खिडकीतून पाहिलं. फाट्यावर ट्रक नव्हता. त्याच्या जागेवर थोडी वैरण सांडली होती आणि एक कुत्रं ती हुंगत होतं.

"लिहा," ती म्हणाली, "लांब जाणारे लोक मशाल्याला इथं ठेवून जातात."

तिकडं थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. "ठेवतोय," मॅडम म्हणाल्या.

तिनं आदिनाथला फोन लावला. लागला नाही.

*

हनुमानच्या मशीनला मेमरी कार्ड नव्हतं. दरवर्षी परतलेल्या टोळीचा ट्रक फाट्यावर रिकामा झाला की तो दुकानाची फळी लावून घ्यायचा, आणि पहिल्या भागापासून खेळत मशाल्याला तिसऱ्या खांबामागं नेऊन उभा करायचा.