गाऱ्हाण्यातलं पाचवं नाव

संदेश बोटीवरून घरी आला की पहिले काही दिवस समुद्राकडे पाठ करूनच बसायचा. सगळी दुनिया रत्नागिरीचा समुद्र बघायला येते आणि हा गडी म्हणायचा, "खारं पाणी सोडून कुठंही चला." वर्षातले बरेचसे महिने जहाजाच्या इंजिनरूममध्ये घालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? या मे महिन्यात त्याने जाहीरच केलं, की मुलांना घेऊन डोंगरात जायचं. कुठल्या डोंगरात, यावर मात्र मिरजोळ्याच्या त्यांच्या घरात चर्चेचं गुऱ्हाळ काही संपेना.

थोरल्या सर्वेशला बर्फ पाहिजे होता. बर्फ नसेल तर तो डोंगरच नव्हे, असं त्याचं ठाम मत. त्याची आई अक्षया थंडीपेक्षा वळणांना घाबरत होती, कारण धाकट्या सानवीला गाडी लागायची. आंबा घाटातून कोल्हापूरला लग्नाला जाताना पोरीने मावशीच्या नव्या साडीचं जे काही केलं होतं, ते मावशी अजून प्रत्येक सणाला आठवून सांगते.

संदेश मोबाइल घेऊन बसायचा आणि एकेक डोंगर निकालात काढायचा. हिमाचल? रस्ता लांबचा, हाडं खिळखिळी होतील. सिक्कीम? उंची फार, दम लागेल. महाबळेश्वर? ते शाळेच्या सहलीत बघून झालंय, असं सर्वेशने नाक मुरडून सांगितलं. अक्षया एकदा वैतागून म्हणालीसुद्धा, "तुम्हाला डोंगर हवाय की सपाट जमीन?"

पडवीत बसून फणसाचे गरे काढणारे संदेशचे वडील, गंगाराम, हे सगळं कान देऊन ऐकत होते. सरळच सांगायचं तर त्यांना बरोबर जायचं होतं. डोंगराचं त्यांना काही अप्रूप नव्हतं, उभा जन्म त्यांनी संगमेश्वराकडच्या गावात डोंगरउतारावर नाचणी पेरली होती. त्यांना हवा होता मुलगा. बायको यमुना गेल्यापासून त्यांचं वर्ष संदेशच्या येण्याजाण्यावरच चालायचं, आणि तो आला की निम्मी सुट्टी कागदपत्रांत, डॉक्टरकडच्या तपासण्यांत नि पाहुण्यांत जायची. आता उरलेली डोंगरात जाणार होती.

पण गंगाराम तोंडाने कधी काही मागायचे नाहीत. पानात मीठ कमी असलं तरी तसंच जेवून उठणारा माणूस तो. आणि "बाबा, तुम्ही येणार ना?" असं तर कोणी विचारलंच नव्हतं.

अखेर एका संध्याकाळी संदेशने हुकमाचं पान टाकलं. "निलगिरी. इथून रेल्वेने कोइम्बतूरकडे जायचं आणि पुढे डोंगर चढायचा तोही वाफेच्या इंजिनाच्या छोट्या गाडीने. घाटातली मोटार नाही, काही नाही. आरामात खिडकीत बसायचं."

"म्हणजे मला उलटी होणार नाही?" सानवीने विचारलं.

"बिलकूल नाही."

वाफेच्या इंजिनाचं ऐकून सर्वेश बर्फ गेल्याचं दुःख विसरला. सगळे एकदम खूश. गंगारामांना वाटलं, आता कोणी आपल्याला घर सांभाळायला सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणजे मनाला लागायला नको. ते म्हणाले, "घराची काय काळजी करू नको रं. मी हाय हितं. मांजर हाय, फणस पिकायला लागलेत, कोनतरी पायजेच."

"घराचं बघू नंतर," संदेश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "बाबा, तुम्ही देवीचा कौल तेवढा घेऊन या. रिझर्वेशन करून टाकलंय."

"आदी रिजर्वेशन नि मंग कौल?"

"देवी समजून घेईल. तिकिटांची किती मारामार आहे, तिलाही ठाऊक असणार. डावा कौल आला तर रद्द करू."

त्या रात्री गंगारामांना जेवण गेलं नाही. फणस जास्त खाल्ला, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते गावी निघाले, तर सानवीने हट्टच धरला. एसटीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर जे व्हायचं तेच झालं. पिशवी हाताशी होती, पण पोरीने आजोबांच्या सदऱ्याची निवड केली. देवळाजवळच्या नळावर गंगारामांनी आधी तिला धुतलं, मग सदरा, आणि ओल्या सदऱ्यानेच देवीपुढे उभे राहिले.

केरू गुरव त्यांच्याच वयाचा, गोट्या खेळल्यापासूनचा दोस्त. गावातून कोणीही लांबच्या प्रवासाला निघालं, घरात लग्न ठरलं, विहीर खणायची झाली, की केरूने देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून लावायच्या आणि घरच्या मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. केरूने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हणाला, "हां, बोल."

गंगारामांनी डोळे मिटले. "आये माजे, तुजी लेकरं लांब मुलखाला डोंगरात निघालीत. माजा संदेश, माजी सून अक्षया, नातू सर्वेश नि ही सानवी. चार जिवांवर नदर ठेव. जावं का न्हाय, ता सांग."

"व्हय म्हाराजा," केरूने साथ दिली.

पाकळ्या जागच्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. देवळात पंखा नव्हता, वारा पडलेला. गंगाराम बघत राहिले आणि बघता बघता त्यांच्या मनात आलं, पडू दे डावी. रद्द होऊ दे सगळं. पोरगा घरी तरी राहील. मनात आलं मात्र, ते स्वतःवरच चपापले. देवीसमोर उभं राहून नातवंडांच्या सुट्टीवर पाणी ओतणारा आजोबा आपण कधीपासून झालो? त्यांनी घाईघाईने कानाला हात लावले.

केरूने डोकं खाजवलं. "गंगाराम, गाऱ्हान्यात काय ऱ्हायलंय का रं? जानाऱ्या सगळ्या मानसांची नावं आली पायजेत. एक जरी ऱ्हायला तरी ती बोलत न्हाय, तुला ठावं हाय."

"सगळी सांगितली. चारच हायत."

"पाच आहेत," सानवी म्हणाली.

दोघे म्हातारे तिच्याकडे बघायला लागले.

"आजोबा, तुम्ही तुमचं नावच नाही घेतलं. तुमची तर खालची सीट आहे. पप्पांनी आधी तुमची खालची मिळते का ते बघितलं, मगच सगळ्यांची तिकिटं काढली. तुमचे गुडघे दुखतात ना, म्हणून."

"माजी सीट?" गंगारामांनी विचारलं. "आगो, ही गाडी तर तुज्यासाठी ना? तुला मोटार लागते म्हनून."

"मला लागते, आणि तुम्हाला चढ लागतो. पप्पा मम्मीला म्हणाले, बर्फात बाबांना दम लागेल, म्हणून ते नको. आणि लांबच्या रस्त्याने बाबांची कंबर धरेल, म्हणून तेपण नको."

केरू गालातल्या गालात हसला. "ऐकलंस? अरे, सोताला इसरून गाऱ्हानं घालतोस? बोल आता नीट."

मुलाने एकेक डोंगर का खोडून काढला होता, ते आता एकेक करून गंगारामांच्या ध्यानात येत होतं, आणि आपण तिकडे फणस सोलत काय काय मनाला लावून घेत होतो, तेही. त्यांचे डोळे भरून आले. ओल्या सदऱ्याच्या बाहीने त्यांनी ते पुसले आणि कसंबसं म्हणाले, "आये माजे, चूक झाली. पाच जीव हायत. पाचवा मी."

"गंगाराम आजोबा," सानवीने देवीला नीट समजावं म्हणून मोठ्याने जोडलं.

उजवी पाकळी सुटून खाली आली. पोरीच्या आवाजाने सुटली की पाणी सुकल्याने, ते देवीलाच ठाऊक. गंगारामांचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. त्यांनी नातीला जवळ ओढून कडेवर घेतलं, गुडघे नको नको म्हणत असतानाही.

घरी पोचले तेव्हा संदेश अंगणात पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होता. "काय म्हणाली देवी?"

"उजवी दिली," गंगाराम म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलंच, "मी पन येनार, ता तू मला कंदी इचारलं न्हाईस रं?"

संदेश पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "तुम्हाला काय विचारायचं? विचारतात ते पाहुण्यांना."

देवीचे, पोराचे, सुनेचे, त्या लांबच्या छोट्या गाडीचे उपकार गंगारामांनी एकदमच मानले, मनातल्या मनात. मग एकाएकी आठवून त्यांनी विचारलं, "नि मांजर?"

"शेजाऱ्याला कधीच सांगून ठेवलंय," अक्षया घरातून म्हणाली. "फणसही त्यालाच. तुम्ही आधी आत या आणि हे स्वेटर घालून बघा, बाह्या लांब होताहेत का ते."

बाहेर मे महिन्याचा उकाडा मी म्हणत होता. गंगारामांनी ते लोकरीचं स्वेटर अंगात चढवलं, वरपर्यंत सगळी बटणं लावली, आणि जेवायची वेळ झाली तरी काढलं नाही.