अकरा फेरे

आमच्या हाइमर्सटालमध्ये पोरगं चालायला लागलं की आधी चर्चमध्ये नेतात, मग व्यायाम मंडळाच्या हॉलमध्ये. चौथ्या वर्षी कोलांटी, सातव्या वर्षी रिंग्ज आणि पंधराव्या वर्षी मिसरूड फुटून पोरी दिसायला लागल्या की जिम्नॅस्टिक्स सुटतं. माझ्या नातवानं, किलियाननं, ते सगळ्यांच्या सुटायच्या वयात धरलं.

त्याला मी कधी तिकडे ढकललं नव्हतं. त्याची आई कामासाठी हॅम्बुर्गला गेली तेव्हापासून तो माझ्याकडे राहतो. लांब, हडकुळा, बोलण्यात कंजूष. हॉलमधलं केकचं टेबल गेली एकतीस वर्षं माझ्या हाती आहे. कुणाचा केक पुढे मांडायचा आणि कुणाचा मागे, ते मी ठरवते, आणि त्यावरून गावात दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. न बोलेनात. तर ऑक्टोबरात एका मंगळवारी किलियान माझे ट्रे उचलून हॉलमध्ये गेला तो परत येईचना. मी बघायला गेले. आलुबुखाराचा केक जमिनीवर, आणि हा भिंतीला टेकून उभा.

समोर लहान पोरांचा वर्ग चालला होता. तिथे गुडघ्याएवढी उंच, चामड्यानं मढवलेली एक गोल बैठक असते, तिला सगळे अळंबी म्हणतात. तिच्यावर दोन्ही हात टेकायचे आणि पाय जोडून, लांब करून, अंग गोल फिरवायचं. पाय येतील तसा एकेक हात उचलून त्यांना वाट करून द्यायची. सात वर्षांचा योशा फिरत होता. खिडक्यांतून दुपारचं पिवळं ऊन आत आलेलं, हवेत हातांना चोळायच्या खडूची पूड तरंगत होती, आणि त्या पुडीतून ते कार्टं असं फिरत होतं की त्याला वजन म्हणून नव्हतंच. बाकीची पोरं मांडी घालून मोठ्यानं मोजत होती, "चार! पाच! सहा!" आमच्या हॉलची ती जुनी रीत आहे. पोरं मोजत असेपर्यंत वरच्यानं उतरायचं नाही. पडला तर पडला.

"आजी," किलियान म्हणाला, "मला हे करायचंय."

"आरशात बघितलंयस का स्वतःला? करकोचा गरगर फिरताना कुणी पाहिलाय?"

"नाही पाहिला," तो म्हणाला, "म्हणून तर."

कोच हार्टमूट, ज्याचं शेंबडं नाक मी स्वतः पुसलेलं आहे, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, या वयात पोरं सोडून जातात हो, येत नाहीत. याला मोठ्यांच्यात घालू कसा? साधं हातावर उभं राहता येत नाही त्याला."

"मग लहानांच्यात घाल."

"हसतील ना."

"हसू देत. हसून दात पडत नाहीत कुणाचे."

असा चौदा वर्षांचा घोडा सात वर्षांच्या शिंगरांत मंगळवारी जाऊन बसायला लागला. अळंबीवर त्याचे पाय जमिनीला घासायचे. अर्धा फेरा झाला की धप्प. पोरं मोजायला तोंड उघडायची आणि 'एक' म्हणायच्या आत हा खाली. योशा त्याला शिकवायचा, कमरेवर हात ठेवून, "अरे दादा, पोट आत घे! ढुंगण काय लोंबतंय?"

मग त्यानं माझा गोठा मागितला. गाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण गवताचा वास गेलेला नाही. लाकडं फोडायचा बुंधा त्यानं तासून गुळगुळीत केला. वर तुळईला दोर बांधला आणि दोराला माझी दुधाची जुनी बादली. दोन्ही पाय बादलीत घालायचे, हात बुंध्यावर टेकायचे आणि फिरायचं. पायांचं ओझं दोर उचलतो, अंगानं नुसतं वळण शिकायचं. म्हणे हीच पद्धत आहे. मी म्हटलं, माझ्या बादलीत आजवर दूधच बसत आलंय, आता तुझ्या घाणेरड्या पावलांची पाळी.

पण दुपारची भांडी झाली की मी तिथे जाऊन बसायची. सांगायला लाज वाटत नाही, मला ते बघायला आवडायचं. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत यायच्या. पोरगं एका पट्टीतून दुसरीत जायचं, उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. दोर करकरायचा. बघता बघता माझे डोळे जड व्हायचे, आणि मला वाटायचं की फिरतोय तो गोठाच, सगळं गाव त्याच्याभोवती हळूहळू वळतंय, टेकडी, घंटाघर, धुतलेल्या चादरी, आणि मधोमध एक पोर तेवढं स्थिर आहे. जाग यायची तेव्हा तो बुंध्यावर बसलेला असायचा, तळहात सोललेले.

"झोपली होतीस."

"देखरेख करत होते."

वर्ष गेलं. बादलीशिवाय त्याचे दोन फेरे व्हायला लागले, फार तर तीन. मोठ्यांच्या संघातल्या एकाचं मनगट मोडलं तेव्हा हार्टमूट घरी आला, खुर्ची उलटी फिरवून बसला.

"रविवारी आपल्याच हॉलमध्ये जिल्ह्याची स्पर्धा आहे. चौथा गडी म्हणून तुला उतरवतो. गुण पहिल्या तिघांचेच धरतात, त्यामुळे तू पडलास तरी संघाचं काही जात नाही. अळंबीवरच्या ठरलेल्या कसरतींतली चौथी पायरी करायची. चौदापैकी अकरा गुण आणलेस तर संघात घेतो, मोठ्यांबरोबर सराव. नाही आणलेस, तर किलियान, खरं सांगतो, मी तुला आणखी एक वर्ष पोरांच्यात बसवणार नाही. तू सोळाचा होशील. मग आपला व्हॉलीबॉल बरा."

किलियाननं मान हलवली. त्या रात्री त्यानं ताटातलं काही खाल्लं नाही, आणि मी आग्रह केला नाही.

रविवारी हॉल भरलेला. कॉफीच्या वाफेनं माझा चष्मा धुरकटला होता, तो मी पुसत बसले नाही. मोठी पोरं दोन मुठी बसवलेल्या उंच बैठकीवर, जिला घोडा म्हणतात, सराईतपणे झोके घेऊन गेली. मग आमचा लांबटांग्या एकटा त्या ठेंगण्या अळंबीकडे चालत गेला. पाहुण्या संघाच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी त्या बाकाकडे असं बघितलं की तिथे पुन्हा कुणी हसलं नाही.

चौथ्या पायरीत सगळं ठरलेलं असतं. दोन फेरे, पाव वळण, पुन्हा दोन फेरे, उतरायचं. जास्त नाही, कमी नाही. त्यानं पंचांपुढे हात वर केला, टेकला, निघाला. पहिला फेरा. आणि समोरच्या बाकावरून, जिथे मंगळवारची सगळी पोरं धुतलेल्या तोंडानं ओळीत बसली होती, योशाचा आवाज आला.

"एक!"

सवयच ती. बाकीची मागोमाग. "दोन!"

आता वळायचं होतं. तो वळला नाही. "तीन!" हार्टमूटनं कपाळावर हात मारला. पोरांना कोण गप्प करणार? आणि ती मोजताहेत तोवर तो उतरणार कसा? "चार! पाच!"

पाचाच्या पुढे मी काय पाहिलं ते नीट सांगता येत नाही. आवाज लांब गेले. पुडीच्या ढगात ते लांब पाय, ज्यांच्यावरून मी त्याला करकोचा म्हटलं होतं, एका सरळ रेषेत आले आणि पाणी भोवऱ्यात फिरतं तसे सावकाश फिरू लागले. हात पाखरासारखे उठत होते, बसत होते. कमर वर राहिली होती, तिला कुणी दोर बांधलेला नव्हता. माझ्या हातातली सुरी केकमध्ये अर्ध्यावर थांबली. "नऊ! दहा!" पाहुणेसुद्धा मोजत होते. "अकरा!" आणि मग पोरांचाच श्वास संपला की काय, मोजणी थांबली. तो उतरला, पाय जुळवून, हात वर करून.

टाळ्या पडल्या. पण पंच टाळ्या वाजवत नाहीत. पाव वळण राहिलं, सात फेरे फालतू. पाटीवर आकडा आला. नऊ पूर्णांक ऐंशी.

हॉल रिकामा होऊ लागला. हार्टमूट अळंबी ढकलत कोपऱ्यात नेत होता. मी ॲप्रन सोडला आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हार्टमूट, ही मोजायची रीत तुझ्या बापानं पाडली. चूक झाली असेल तर तुमच्या घराण्याची. त्या पोरानं फक्त—"

"आजी, राहू दे," मागून किलियान आला. "दोनच फेऱ्यांनी वळायचं हे मला माहीत होतं, काका. विसरलो नव्हतो. तिसऱ्याला हात हलके झाले. मला बघायचं होतं पुढे काय आहे ते."

"काय होतं?"

किलियाननं आपल्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं. "काहीच नव्हतं," तो म्हणाला. "छान होतं."

हार्टमूटनं खडूचे हात पँटला पुसले. "अकरा गुण सांगितले होते. नाहीत मिळाले. संघाचा बनियन नाही देणार या वर्षी, मी शब्द फिरवत नाही." मी तोंड उघडलं. त्यानं हात वर केला. "काकू, एक मिनिट. माझ्या संघात अकरा फेरे मारणारा एकच आहे, आणि तोसुद्धा सहा वर्षांचा असल्यापासून ते शिकतोय. गुरुवारी ये, किलियान. मोठ्यांच्या वेळेला. थांबायचं कधी ते शिकवतो, तेवढंच राहिलंय."

मला वाटलं पोरगं उडी मारेल. तो उभाच राहिला, बाकाकडे बघत. बाकावर योशा बूट घालत होता, डावा उजव्यात.

"आणि मंगळवार?" किलियाननं विचारलं.

"मंगळवारचं काय?"

"मंगळवारी पण येऊ का?"

हार्टमूटनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याला 'ये' म्हणून मान हलवली. मी खाली बसले, गुडघे दुखत असूनही, आणि योशाचे बूट बदलून दिले.