विसाव्याचं बटण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, बिश्केकच्या ओश बाजारामागे एकोणीस नंबरच्या कंटेनरमध्ये, प्लेअरची सुई एका बोलत्या पोस्टकार्डावरून घसरली आणि तीन रेघांवर आडवा ओरखडा उठला. चूक प्लेअरची नव्हती. ती तो दुरुस्त करणाऱ्या अनारकुलची होती. तिने ती लगेच कबूल केली.

घडलं ते असं. कार्डाच्या मधोमध प्लास्टिकला फुगवटा आला होता. सुई त्याच्या दिशेने सरकताना दिसली, तेव्हा अनारकुलचे दोन्ही हात सुईच्या दांडीपाशी होते आणि बटणावर बोट होतं कार्डाच्या मालकाचं, तेमिरबेकचं. तिने त्याला सांगितलं, "विसावू दे." तेमिरबेकला वाटलं, आपल्याला बसायला सांगताहेत. तो स्टुलावर बसला. प्लेअर फिरत राहिला.

"थांबव" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण अनारकुलच्या सासऱ्यांचं नाव तोक्तोबेक, आणि किर्गिझमध्ये तोक्तो म्हणजे थांब. सून सासरच्या थोरल्यांचं नाव घेत नाही, नावातला शब्दही उच्चारत नाही. चाळीस वर्षं तिच्या तोंडी तो शब्द आलेला नाही. प्लेअरच्या बटणाला ती विसाव्याचं बटण म्हणते. शेजारच्या कंटेनरमध्ये तारा आणि स्विच विकणारा, दुंगान जमातीचा इस्मार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की सासऱ्याला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी एजे, म्हणजे ताई, बसमध्ये तो शब्द म्हणत नाही आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरते.

त्या दिवशी मात्र तो आपल्या तारांची भेंडोळी गुंडाळत राहिला. ओरखडा त्यानेही पाहिला होता.

अनारकुल त्रेसष्ट वर्षांची. शहरातल्या एका रेडिओ कारखान्यात ती एकवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. कारखाना बंद पडल्यावर तिने हा कंटेनर घेतला. लोक आजोबांचे प्लेअर, स्पीकर, पेटीएवढे रेडिओ घेऊन येतात. अर्ध्यांना गाणी ऐकायची असतात, अर्ध्यांना पेटी दिवाणखान्यात शोभेला हवी असते. तेमिरबेक यातला कुठलाच नव्हता. तो सत्तावन्न वर्षांचा, पाणीपुरवठ्यात मीटर तपासणारा. प्लेअर वडिलांचाच; त्यांच्या पश्चात ट्रंकेत त्याला हे कार्ड सापडलं होतं. समोर इस्सिक-कुल तळ्याचं निळं चित्र, वर पारदर्शक प्लास्टिकचा थर, थरात कोरलेल्या रेघा. तळ्याकाठच्या टपरीत माणूस मिनिटभर बोलायचा आणि आवाज घरी पोस्टाने पाठवायचा, त्या काळातलं. मागे वडिलांचं नाव, कोचकोर गावाचा पत्ता आणि १९६७ चा शिक्का. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

तेमिरबेकची आई त्याच वर्षी शरदात गेली. तो तेव्हा वर्षाचाही नव्हता. तिचे फोटो दोन. आवाज त्याला माहीत नाही. कार्ड आईचं असेल तर ऐकायचं होतं, एवढंच त्याचं म्हणणं.

अनारकुलने आधीचे पाच दिवस प्लेअरवर घालवले होते. तबकडी फिरवणारं रबरी चाक एका जागी बसून बसून चपटं झालं होतं. ते तिने मोटरवर फिरवत काचकागदाने गोल केलं. जुनं तेल दगडासारखं घट्ट झालं होतं, ते स्पिरिटने काढलं. सुईचा भार नऊ ग्रॅम होता. दांडीच्या मागच्या टोकाला शिशाचा तुकडा लावून तिने तो पाचावर आणला. अशा मऊ कार्डावर प्रत्येक फेरी थोडा आवाज खरवडून नेते. तेव्हा पहिली फेरी चांगलीच व्हायला हवी होती, आणि ती तशी झाली नाही.

पण फुगवट्यापर्यंतचा भाग फोनवर रेकॉर्ड झाला होता. बावीस सेकंद. तेमिरबेकने तो कंटेनरमध्येच तीनदा ऐकला. किनऱ्या आवाजाची एक बाई सलाम सांगत होती. पाणी थंड आहे, जेवण बरं आहे. मागे कुठेतरी रेडिओवर तासाचे सहा ठोके पडले. मग ती म्हणाली, "माझ्या बोलोतला दुसरा दात आला का? बोलोतची छाती उघडी ठेवू नका." तिथून पुढे खरखर.

तेमिरबेकने फोन खिशात घातला.

"हे माझं नाही, एजे."

"कशावरून?"

"बोलोत कोण? आमच्या घरात बोलोत नाही. आईला मी एकटा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "वडील लॉरीवर होते. तळ्याच्या बाजूला महिन्यातून दोनदा जायचे."

म्हणजे त्याच्या मनात काय आलं ते सांगायची गरज उरली नाही. तळ्याकाठी दुसरी बाई, दुसरा मुलगा. छप्पन्न वर्षं ट्रंकेच्या तळाशी. कार्ड इथेच राहू दे, प्लेअर कुणाला हवा तर द्या, असं म्हणून तो उठला. इस्मारने त्याला निदान चहा तरी पिऊन जा म्हटलं. त्याने नको म्हणून मान हलवली.

अनारकुल दाराशी आडवी उभी राहिली. तिने विचारलं, वडिलांना थोरला भाऊ होता का.

"होता. वारले."

"नाव?"

"तेमिरकुल."

"आणि तू तेमिरबेक."

"हो. आजोबांनी ठेवलं, थोरल्याच्या नावाशी जोडून. मग?"

"मग तुझ्या आईने तुला हाक कशी मारायची?"

तेमिरबेक शहरात वाढलेला, बायको त्याला नावाने हाक मारते, सून तर आडनावानेही मारते. त्याला पटकन लक्षात आलं नाही. तेमिर म्हणजे लोखंड. थोरल्या दिरांच्या नावात लोखंड असेल, तर त्या घरातली सून लोखंड म्हणणार नाही, मुलाच्या नावातलंही नाही. जवळचा दुसरा शब्द शोधेल. बोलोत म्हणजे पोलाद.

तो पुन्हा स्टुलावर बसला. मग म्हणाला की बोलोत नावाची माणसं याच बाजारात वीस निघतील.

"निघतील," अनारकुल म्हणाली. "म्हणून तर उरलेलं ऐकायचं. ओरखडा मी पाडलाय. उरलेलं मी काढून देणार."

त्या घरात आईबरोबर राहिलेलं एकच माणूस हयात होतं: तेमिरकुलची विधवा सायराकुल आपा, शहाऐंशी वर्षांची, कोचकोरलाच. दोघी जावा तीन वर्षं एका अंगणात होत्या. अनारकुलने विचारलं, आपा तुला काय म्हणते. शिंगरू, तो म्हणाला. अजूनही शिंगरूच म्हणते. नावाने कधी? तेमिरबेकने आठवून पाहिलं. लग्नात, वडिलांच्या मयताला, नातवाच्या बारशाला. नाही, म्हणाला. कधीच नाही.

त्याने तिथूनच फोन लावला आणि बावीस सेकंद ऐकवले. आपा म्हणाली की फोनमध्ये तिला पोटच्या पोरीचा आवाजही ओळखू येत नाही, सगळ्या बायका पिठाच्या गिरणीसारख्या वाजतात. आई मला बोलोत म्हणायची का, असं त्याने थेट विचारलं. गेलेल्या माणसांबद्दल मी तारेवर बोलत नाही, आपा म्हणाली. शनिवारी येते.

म्हणजे हातात चार दिवस होते.

बुधवारी अनारकुलने वेगाचं काम हाती घेतलं. तबकडीच्या कडेच्या, नेमक्या वेगाला स्थिर दिसणाऱ्या पट्ट्यांवरून प्लेअर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर नेमका चालतो हे दिसत होतं. पण १९६७ मध्ये तळ्याकाठचं यंत्र किती फेऱ्यांवर चाललं, हे पट्टे सांगत नाहीत. ते रेडिओच्या ठोक्यांनी सांगितलं. पहिल्या ठोक्यापासून सहाव्यापर्यंत पाच सेकंद लागायला हवेत. तिने फोनवर अकरा वेळा मोजलं. दर वेळी चार पूर्णांक सहा.

"तळ्यावरचं यंत्र रेंगाळत होतं," ती म्हणाली. "त्यामुळे आपल्याकडे बाई धावत बोलते."

इस्मारचं म्हणणं, एवढंच असेल तर फोनमध्येच हळू करा, माझ्या भाच्यालाही येतं. तिने तेही केलं. आवाज खाली उतरला. मुलीचा वाटत होता तो पंचविशीतल्या बाईचा झाला, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिला दम लागत होता, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेमिरबेकला हे तिने ऐकवलं. आई कशाने गेली, असं त्याने मग आपणहून सांगितलं: घरीच, छातीच्या दुखण्याने. तळ्यावर गेल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं.

पण आपाला फोन चालणार नव्हता, आणि उरलेला भाग अजून कार्डावरच होता. म्हणून प्लेअरच हळू करायचा. मोटरच्या दांड्यावरची पितळी टोपी तिने उतरवली आणि बारीक कानशीने, मग काचकागदाने घासली. एकदा फार घासली तर परत जाड होत नाही. घासायची, बसवायची, फेऱ्या मोजायच्या, पुन्हा उतरवायची. गुरुवारी चारच्या सुमाराला तबकडी मिनिटाला बहात्तर फेऱ्या घेऊ लागली. तिने टोपीला पुन्हा हात लावला नाही.

फुगवट्यावर तिने कोमट काच ठेवली, वर दोन इस्त्र्या. शुक्रवारी सकाळी तो नखभर उरला होता. ओरखड्यासाठी तिने जुन्या सामानवाल्याकडून तसलंच एक कार्ड आणलं. त्यावर कुणी कर्नल नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होता. तिने त्याच्या मधोमध तसाच ओरखडा पाडला आणि रुंद सुई त्यावरून न्यायचा सराव केला. पहिल्या आठ वेळा कर्नल अडखळला. नवव्या वेळी सुई पार गेली. ती चौदा वेळा करून थांबली, कारण तोवर कर्नल पुसट झाला होता.

"कर्नलसाहेबांना शहीद केलंत, एजे," इस्मार म्हणाला.

"पण तुझ्यासारखी बडबड नाही केली त्यांनी."

तेमिरबेक रोज कामावरून सुटल्यावर येत होता. बटण त्याच्याचकडे राहील, असं तिने ठरवलं होतं, कारण दांडीला तिचे दोन हात लागणार होते. इस्मारने सुचवलं की एकदाच म्हणून टाका तो शब्द, सासरे काही कबरीतून उठून येत नाहीत. अनारकुल म्हणाली, त्या बाईनेही म्हटला नाही, मुलाच्या नावातसुद्धा, मग मी कशाला म्हणू. शेवटी खूण ठरली. ती गुडघ्याने टेबलाला खालून ठोका देईल, एकच, आणि तेमिरबेक बटण दाबेल. त्यांनी हे वीस वेळा करून पाहिलं. एकविसाव्या वेळी तिने ठोका न देता "विसावू दे" म्हटलं. त्याने तरीही बटण दाबलं.

शनिवारी सकाळी साडेसातला सायराकुल आपा कोचकोरहून शेजाऱ्याच्या गाडीने निघाली. तेमिरबेक नऊपासून कंटेनरमध्ये होता. आपाला टेकून बसता यावं म्हणून इस्मारने आपली खुर्ची आणून दिली आणि थर्मासमध्ये दूध घातलेला चहा. वीज ठीक होती. अनारकुलने दोनदा फेऱ्या मोजल्या. बहात्तर.

पावणेअकराला बोओम खिंडीत दगड कोसळले आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला. कुणाला लागलं नव्हतं. साडेबाराला ड्रायव्हरचा फोन आला की पुढे चाळीसेक गाड्या आहेत. दोनला त्यानेच कळवलं की लोक मागे फिरू लागले आहेत.

बाजार पाचला बंद होतो. तेमिरबेक म्हणाला की आपण दोघंच ऐकून घेऊ. अनारकुलने नाही म्हटलं. कार्ड आणखी एक फेरी धड देईल, दुसरीची खात्री ती देत नव्हती, आणि ती एक फेरी आवाज ओळखणाऱ्या माणसासमोरच व्हायला हवी. तेमिरबेकने वाद घातला नाही. त्याने कार्ड पुन्हा काचेखाली सरकवलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा शेवटचा फोन आला. मशीन दगड उचलतंय, पण रस्ता कधी उघडेल हे कुणी सांगत नाही, तो म्हणाला. मागे फिरूया म्हटलं तर म्हातारी ऐकत नाही. गाडीतून उतरून मशीनजवळ जाऊन उभी राहिली आहे.

"तिला विचार," तेमिरबेक म्हणाला, "पाचनंतर पोचायचं झालं तरी येणार का."

ड्रायव्हर विचारायला गेला आणि लाइन गेली.

चार वाजून पाच मिनिटांनी रस्ता बंदच होता. अनारकुलने बाजाराच्या चौकीदाराला निरोप पाठवला होता की एकोणीस नंबरचं कुलूप आज उशिरा लागेल. प्लेअर रिकामा फिरत होता. रबरी चाक थंड पडून फेऱ्या बदलू नयेत म्हणून तिने तो बंद केलेला नव्हता.